पेअर्ड दिसतंय पण कनेक्ट राहत नाही: फोन आणि कॉम्प्युटरच्या ब्लूटूथची भानगड

तुमचं म्हणणं असं की विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, अँड्रॉइड फोन आहे, दोघं नीट पेअर होतात, लॅपटॉपवर क्षणभर 'कनेक्टेड' येतं आणि लगेच नुसतं 'पेअर्ड' होऊन बसतं, फोनवरून फोटो पाठवायला गेलं की फाइल गेली नाही असा मेसेज, ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून ब्लूटूथ चालवून घेणारा प्रोग्राम, काढून परत टाकून झाला, आणि आता कांदिवलीचा तुमचा दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावा लागेल. फॉरमॅट मारू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मशीनमध्ये बिघडलेलं काही दिसतच नाही. हे मी सहज म्हणत नाहीये, दादरला बसून लॅपटॉप-डेस्कटॉपचंच काम करतो आणि ब्लूटूथची जी मशीनं टेबलावर येतात त्यातली बरीचशी अशीच धडधाकट असतात, बिचाऱ्यांचे ड्रायव्हर मात्र पाच वेळा उपटून झालेले असतात.

गोंधळ होतो तो हेडफोनमुळे. हेडफोन पेअर केला की तो 'कनेक्टेड' दिसतो आणि तसाच राहतो, मग आपल्याला वाटतं फोनसुद्धा लॅपटॉपवर तसाच दिसायला हवा. पण पेअर असणं आणि कनेक्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या वॉचमनकडे तुमचं नाव लिहिलेलं आहे याचा अर्थ तुम्ही आत्ता घरात आहात असा होत नाही ना, तसंच. पेअरिंगमध्ये दोन्ही मशीनं एकमेकांची ओळख पटवतात आणि एक गुप्त चावी, लिंक की म्हणतात तिला, दोघंही आपापल्याकडे साठवून ठेवतात, बस. प्रत्यक्ष जोडणी होते ती काही काम निघालं की, आणि प्रत्येक कामाचा प्रोफाइल, म्हणजे ते काम करायची ठरलेली पद्धत, वेगळा. फाइल ढकलायला ओपीपी, गाणी ऐकायला ए२डीपी, कॉलला एचएफपी, इंटरनेट वाटायला पॅन. हेडफोनचा आवाजाचा प्रोफाइल सतत चालू असतो म्हणून तो कनेक्टेड दिसतो. फोन आणि लॅपटॉपमध्ये तुम्ही कॉल किंवा नेट काहीच चालू ठेवलेलं नसेल तर जोडणी कशासाठी टिकवायची, म्हणून ती सुटते आणि 'पेअर्ड' उरतं. हा दोष नाही, ते असंच चालतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की तुम्हाला ब्लूटूथने नेमकं करायचंय काय. 'कनेक्ट होत नाही' यावरून मला काहीच कळत नाही. फोन यादीत दिसतच नाही, दिसतो पण पेअर होत नाही, पेअर होतो पण काम होत नाही, का काम होतं पण मध्येच तुटतं, या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चौघींचं औषध वेगळं आहे. लोक चौघींवर एकच औषध मारतात, ते म्हणजे ड्रायव्हर.

आता तुमची केस, पेअर होतं पण फाइल जात नाही. फोनवरून लॅपटॉपला फाइल पाठवायची असेल तर लॅपटॉप आधी घ्यायच्या तयारीत बसवावा लागतो, विंडोज आपणहून घेत नाही आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, तिथून डिव्हायसेस, खाली स्क्रोल केलं की 'सेंड ऑर रिसीव्ह फाइल्स व्हाया ब्लूटूथ' अशी ओळ आहे, ती दाबा, छोटी जुनाट दिसणारी खिडकी उघडेल, त्यात 'रिसीव्ह फाइल्स' निवडा. 'वेटिंग फॉर अ कनेक्शन' असं आलं की मगच फोन हातात घ्या, फोटो निवडा, शेअर, ब्लूटूथ, लॅपटॉपचं नाव. ती खिडकी उघडी नसेल तर फोन फाइल ढकलतो, लॅपटॉप दार उघडत नाही, आणि फोन म्हणतो फाइल गेली नाही. घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये ब्लूटूथचं निळं चिन्ह असेल तर त्यावर राइट क्लिक करूनही हेच मिळतं. चिन्हच सापडत नसेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबून रनमध्ये एफ एस क्यू यू आय आर टी ही अक्षरं सलग टाइप करा, तीच खिडकी थेट उघडते. फाइल आली की ती कुठे ठेवायची ते शेवटी विचारतं आणि फिनिश दाबावं लागतं, तिथे लोक खिडकी क्रॉस मारून बंद करतात आणि मग फाइल शोधत बसतात.

उलट बाजूने, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला पाठवताना फोनवर वरती नोटिफिकेशन येतं, ते खाली ओढून 'ॲक्सेप्ट' करायचं असतं. थोड्या वेळात नाही केलं तर ते निघून जातं आणि लॅपटॉप एरर देतो. नोटिफिकेशन दिसतच नसेल तर फोन डू नॉट डिस्टर्बवर आहे का बघा.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर वरचं सगळं विसरा. बीकेसी, पवई, ऐरोलीतल्या बहुतेक मोठ्या कंपन्या पेनड्राइव्ह बंद ठेवतात तसंच ब्लूटूथने फाइल पाठवणंही पॉलिसीने बंद ठेवतात, हेडफोन आणि माउस चालतो, फाइल नाही. तिथे माझ्याकडे आणून काही होणार नाही, आणि मी करतही नाही, आयटीवाल्यांना विचारा.

फोन यादीत दिसतच नाही अशी तक्रार असेल तर विंडोज ११ मध्ये एक गंमत करून ठेवलीय. त्याच डिव्हायसेसच्या पानावर 'ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी' असा एक पर्याय आहे, तो मुळात 'डिफॉल्ट'वर असतो आणि डिफॉल्टवर विंडोज फक्त हेडफोन, माउस, कीबोर्ड अशी नेहमीची मंडळी दाखवतं. फोन त्यात येईलच असं नाही. तो 'ॲडव्हान्स्ड' करा, परत ॲड डिव्हाइस करा, अचानक अख्खी बिल्डिंग दिसायला लागेल, शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा. फोनच्या बाजूला अट अशी की ब्लूटूथचं सेटिंग्ज पान उघडं असेल तोवरच फोन इतरांना दिसतो, तुम्ही पान बंद केलं, स्क्रीन झोपली, की तो गायब. नुसता वरचा ब्लूटूथचा बटण चालू असणं पुरत नाही. आयफोनचंही तेच, सेटिंग्जमधलं ब्लूटूथचं पान उघडं ठेवायचं. आणि फोनला लॅपटॉप दिसत नसेल तर लॅपटॉपमध्ये 'मोअर ब्लूटूथ सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'अलाऊ ब्लूटूथ डिव्हायसेस टू फाइंड धिस पीसी' यावर टिक आहे का बघा.

मुंबईत यात अजून एक लफडं होतं. चाळीत म्हणा नाहीतर टॉवरमध्ये म्हणा, भिंतीपलीकडे पाच घरं, आणि त्यातल्या तिघांकडे तुमच्याच मॉडेलचा फोन, तिघांनीही नाव बदललेलं नाही. त्यांचीही ब्लूटूथची पानं उघडी असली की यादीत एकाच नावाच्या तीन ओळी दिसतात आणि तुम्ही शेजारच्या काकूंच्या फोनला हात जोडत बसता. आधी फोनचं नाव बदला, 'अबाउट फोन'मध्ये किंवा ब्लूटूथच्या पानावरच 'डिव्हाइस नेम' असतं, काहीही ओळखू येईल असं ठेवा, फक्त स्वतःचं पूर्ण नाव ठेवू नका, लोकलमध्ये ब्लूटूथचं पान उघडलंत की ते अख्ख्या डब्याला दिसतं. आणि पेअर करताना दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे येतात ना, ते वाचायचे असतात हो. २००७ मध्ये ब्लूटूथ २.१ सोबत ही पद्धत आली, त्याआधी ०००० नाहीतर १२३४ टाकायचो तो जमाना. आकडे दोन्हीकडे सारखे असतील तरच येस. लोक न बघता येस दाबतात.

पूर्वी चालत होतं आणि आता पेअर व्हायलाच नकार देतंय, 'चेक द पिन अँड ट्राय अगेन' म्हणतंय किंवा फिरत राहतंय, तर बहुतेक वेळा चावीची भानगड असते. वर म्हटलं तसं चावी दोन्हीकडे साठवलेली असते. तुम्ही फोन फॅक्टरी रिसेट केला, किंवा फोनवरून लॅपटॉप 'फर्गेट' केला, पण लॅपटॉपकडे जुनी चावी तशीच आहे, आता तो जुन्या चावीने दार उघडायला बघतोय आणि फोन म्हणतो तू कोण. एकाच बाजूने काढून उपयोग नाही. लॅपटॉपवर रिमूव्ह डिव्हाइस करा, फोनवर फर्गेट करा, मग दोन्हीकडचं ब्लूटूथ बंद करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, आणि नव्याने पेअर करा. रीस्टार्टच, शटडाउन करून परत चालू नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, शटडाउन केलं तरी आतला बराच भाग तो डिस्कवर झोपवून ठेवतो आणि सकाळी तोच उठवतो, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. त्यामुळे 'मी तर रोज बंद करतो' याला काही अर्थ नाही.

एवढ्याने नाही झालं तर फोनमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिसेट ऑप्शन्स, तिथे वायफाय आणि ब्लूटूथचं रिसेट असतं, कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे. फोटो, कॉन्टॅक्ट जात नाहीत, पण सगळे वायफायचे पासवर्ड जातात, घरच्या वायफायचा पासवर्ड माहीत नसेल तर आधी लिहून घ्या.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही टाकलेलं असेल, कॉलेजच्या पोरांकडे असतं, तर हा चावीचाच घोळ रोज होतो. ब्लूटूथचा पत्ता एकच, पण विंडोजची चावी वेगळी आणि लिनक्सची वेगळी, फोनला वाटतं एकच मशीन आहे आणि तो शेवटची चावी धरून बसतो. उबुंटूत पेअर केलं की विंडोजमधलं मोडतं, विंडोजमध्ये केलं की उबुंटूतलं. एका सिस्टिममधली चावी काढून दुसऱ्यात घालता येते, पण ते रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा, उकरायचं काम आहे, ज्याला जमतं त्यानेच करावं.

आता खरोखर बिघाड असतो ते प्रकार. सगळ्यात घाबरवणारा म्हणजे सेटिंग्जमधून ब्लूटूथचा बटणच गायब. वायफाय छान चाललंय आणि ब्लूटूथ जणू मशीनमध्ये नव्हतंच. गिऱ्हाईक विचारतं, एकच कार्ड आहे तर अर्धं कसं गेलं? कार्ड एकच आहे पण आत वायर दोन आहेत असं समजा, वायफायवाला भाग मदरबोर्डशी पीसीआय एक्सप्रेस नावाच्या जोडणीने बोलतो आणि ब्लूटूथवाला भाग बहुतेक कार्डांत आतल्या आत यूएसबीने. ती यूएसबीची बाजू अडकली की वायफायला पत्ताही नसतो. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी, उघडा, व्ह्यूमध्ये जाऊन 'शो हिडन डिव्हायसेस' करा, आणि खाली यूएसबी कंट्रोलर्समध्ये 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', पिवळं त्रिकोणी चिन्ह, कोड ४३ असं काही दिसतंय का बघा. दिसलं तर तोच तुमचा हरवलेला ब्लूटूथ असायची शक्यता दाट. यावर ड्रायव्हर टाकून काही होत नाही कारण चिप स्वतःची ओळखच सांगत नाहीये, ड्रायव्हर लावायचा कोणाला. तिला पूर्ण वीज तोडावी लागते. लॅपटॉप शटडाउन, शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं तर फास्ट स्टार्टअप टळतो, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. डेस्कटॉप असेल तर मागची पॉवर केबल काढा आणि तसंच बटण दाबा. कारण बंद मशीनलासुद्धा स्टँडबाय वीज जात असते, चिप बंद होतच नाही. इतकं साधं काम आहे आणि यानेच कितीतरी मशीनं उठतात, याचे पैसे घ्यायला लाज वाटते, पण घेतो.

उठल्यावर परत परत तेच होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथखाली ज्याच्या नावात इंटेल, रियलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम असं काही आहे त्या ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचं पान असतं, तिथलं 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' याची टिक काढा. झाकण बंद करून उघडल्यावरच ब्लूटूथ मरत असेल तर हे आधी करा. 'मायक्रोसॉफ्ट ब्लूटूथ एन्युमरेटर' वगैरे ज्या ओळी आहेत त्यांना हात लावू नका, लोक त्याच काढत बसतात.

ड्रायव्हर टाकायचाच झाला तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचा. ते फुकटात सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारे प्रोग्राम येतात ना, ते टाकू नका, त्यांनी केलेली घाण साफ करण्यात माझी दुपार जाते. आणि विंडोज अपडेटनंतर बिघडलं असेल तर नवा शोधण्याआधी त्याच प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, ते करकरीत दिसत असेल तर दाबा, फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या कामांच्या यादीत, 'ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस' बंद पडलीय का हेही बघून घ्या, कोणीतरी मशीन फास्ट करायच्या नादात या सर्व्हिस बंद करून ठेवतं.

डेस्कटॉपवाल्यांचं दुखणं वेगळंच. नवीन पीसी असेम्बल करून आणला, त्यात वायफाय-ब्लूटूथचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घातलं, वायफाय येतं, ब्लूटूथ येत नाही. कारण तेच, ब्लूटूथला यूएसबी लागतो. कार्डासोबत एक बारीक केबल येते, ती कार्डावरून मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या खाचेला, लावायची असते, आणि असेम्बल करणारा ती डब्यातच ठेवतो. घरी डबा उघडून बघा, केबल सापडेल. त्याच डब्यात कधीकधी दोन काळ्या अँटेनाही सापडतात, ज्या मागे स्क्रूने फिरवून लावायच्या असतात. अँटेना न लावता ब्लूटूथ चालतं, पण वीतभर अंतरावर, फोन कॅबिनेटला टेकवला की चालतो आणि खुर्चीवर बसलं की तुटतो. कॅबिनेट पत्र्याचं असतं, ते टेबलाखाली भिंतीला चिकटून, बाजूला लोखंडी कपाट, सिग्नल जाणार कुठून.

आता डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टला खोचायचं छोटं ब्लूटूथ. लॅमिंग्टन रोडला फुटपाथवर दीडशे-दोनशेत मिळतात ते. त्यातला बराच माल असा आहे की डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव येतं 'सीएसआर८५१० ए१०', म्हणजे केंब्रिज सिलिकॉन रेडिओची चिप, ब्लूटूथ ४.०. ती कंपनी क्वालकॉमने २०१५ मध्ये घेतली, पण त्या नावाच्या नकली चिपा आजही धडाधड येतात, इतक्या की लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये त्या ओळखून सांभाळून घ्यायचा वेगळा कोड लिहावा लागलाय. माउस चालतो, फाइल पाठवायला गेलं की दम तोडतो. डब्यावर ५.० छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, तपासता येतं. ब्लूटूथ ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डच्या पानावर एलएमपी असा आकडा असतो, ६ म्हणजे ब्लूटूथ ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०, १० म्हणजे ५.१, ११ म्हणजे ५.२. दुकानातच लावून बघा, डब्यावर ५.० आणि आत ६ निघालं की तिथल्या तिथे परत. चारशे-पाचशे घालून बिल आणि वॉरंटीवाला घ्या, डोक्याला शॉट नको.

डोंगल लावलात तर लॅपटॉपमधलं मूळ ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. विंडोजला एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ सांभाळता येतो, दोन चालू ठेवले की कधी हा कधी तो, आणि पेअरिंग एकावर, काम दुसऱ्यावर. 'डोंगलसुद्धा चालत नाही' म्हणून येतात त्यात हे फार.

चालतं पण मध्येच तुटतं, आवाज तुटक येतो, फाइल ऐंशी टक्क्यांवर मरते, ही चौथी तक्रार, आणि मुंबईत ही सगळ्यात जास्त. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथकडे तिथे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ चॅनल असतात आणि ते सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलत उड्या मारतं. त्याच पट्ट्यात वायफायचं एक चॅनल साधारण २० मेगाहर्ट्झ अडवतं. ब्लूटूथ शहाणं आहे, २००३ मध्ये आलेल्या १.२ पासून त्याला गर्दीचे चॅनल टाळून उड्या मारता येतात, पण कमीत कमी २० चॅनल तरी वापरावेच लागतात. आता एका मजल्यावर सहा घरं, प्रत्येकात फायबरचा राउटर, वर-खालच्या मजल्यांचे वेगळे, वायफायचे १, ६, ११ तिन्ही चॅनल ठासून भरलेले, मोकळी जागा उरते किती. रात्री नऊनंतर ब्लूटूथ जास्त तुटतं अशी तक्रार करणारे खोटं बोलत नाहीत, त्या वेळी सगळ्यांकडे वेब सिरीज चालू असतात.

शेजाऱ्यांचे राउटर तुम्ही बदलू शकत नाही, पण स्वतःच्या घरातलं करू शकता. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. हे का महत्त्वाचं, तर वायफाय आणि ब्लूटूथ लॅपटॉपमध्ये त्याच कार्डावर असतात, बऱ्याचदा अँटेनाही वाटून घेतात, वायफाय २.४ वर मोठं डाउनलोड करत असेल तर घरातल्या घरातच भांडण. आणि बरेच जण नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून घेतात आणि त्याच फोनला ब्लूटूथनेही जोडतात, तो हॉटस्पॉट २.४ वर असेल तर विचारूच नका. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करा, मोठा फरक पडतो.

आणि यूएसबी ३. हे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात पण इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय, यूएसबी ३ चा डेटा धावतो तेव्हा केबल आणि सॉकेटमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. म्हणजे निळ्या पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि तिला खेटून ब्लूटूथचा डोंगल, बॅकअप चालू झाला की ब्लूटूथ आंधळं. डोंगल पुढच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला लावा, नाहीतर शंभर रुपयांची एक्स्टेन्शन केबल घेऊन तो टेबलावर आणून ठेवा. मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात चालतो, पण तो काय दोन मिनिटं, त्याची फार काळजी नको.

एक उलटी तक्रारही सांगून टाकतो. फोनवर कॉल येतो, उचलतो, समोरच्याचा आवाजच नाही. फोनचा स्पीकर गेला म्हणून लोक फोन दुरुस्तीला नेतात. आवाज जात असतो आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर, कारण 'फोन लिंक', म्हणजे फोन लॅपटॉपला जोडायचं मायक्रोसॉफ्टचं ॲप, लावताना कॉलची परवानगी दिली होती आणि लॅपटॉप आता हेडसेट बनून बसलाय. फोनच्या ब्लूटूथमध्ये लॅपटॉपच्या नावापुढचं चाक दाबा आणि 'फोन कॉल्स' बंद करा, पेअरिंग तसंच राहील. फोनची गाणी लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजवायची असतील तर ते विंडोज १० च्या २००४ नंबरच्या व्हर्जनपासून जमतं, पण त्याला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ब्लूटूथ ऑडिओ रिसीव्हरसारखं छोटं ॲप लागतं, नुसतं पेअर करून वाजत नाही.

आयफोनवाल्यांनो, तुमचा फोन विंडोजशी पेअर होईल, हॉटस्पॉट देईल, विंडोज ११ असेल तर फोन लिंकमधून कॉलही होतील, पण ब्लूटूथने फाइल जाणार नाही. आयफोनमध्ये फाइल ढकलायचा तो ओपीपीच नाही. दोन-दोन दिवस प्रयत्न करून आलेली माणसं बघितलीत म्हणून स्पष्ट सांगतो. मॅक आणि अँड्रॉइड असेल तर मॅकच्या सेटिंग्जमध्ये जनरल, शेअरिंग, तिथे ब्लूटूथ शेअरिंग चालू करा, मुळात ते बंद असतं.

आणि खरं सांगू का, फाइलसाठी ब्लूटूथच्या मागे इतकं लागू नका. जुन्या ब्लूटूथचा कागदावरचा वेग जास्तीत जास्त ३ मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला दोनशे किलोबाइट मिळाले तरी नशीब. म्हणजे १ जीबीला जवळपास दीड तास. गणपतीच्या मिरवणुकीचा ४ जीबीचा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवायला बसलात तर विसर्जन होऊन जाईल. दोन-चार फोटो, एखादी पीडीएफ, एवढंच ब्लूटूथचं काम. मोठ्या फाइलला केबल, आणि केबल लावल्यावर फोनवर 'चार्जिंग' ऐवजी 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं, तो पर्यायच येत नसेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे. केबल नको असेल तर विंडोजसाठी गुगलचं क्विक शेअर आहे, ते ब्लूटूथने फक्त एकमेकांना शोधतं आणि फाइल वायफायवरून नेतं, त्यामुळे वेग जमीन-अस्मानाचा. आयफोनसाठी लोकलसेंड नावाचं ॲप टाका दोन्हीकडे, एकाच वायफायवर असलं की झालं, फुकट आहे.

तर तुम्ही आज रात्री फक्त ती रिसीव्ह फाइल्सची खिडकी उघडून एक फोटो पाठवून बघा. गेला तर विषय संपला, दुकानवाल्याला काही बोलायला जाऊ नका. नाही गेला तर मला एवढं लिहून कळवा, लॅपटॉपचं मॉडेल, फोनचं मॉडेल, एलएमपीचा आकडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे आहे आणि त्याचा कोड काय, आणि फोन लॅपटॉपच्या अगदी शेजारी ठेवल्यावरही तेच होतंय का. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तेही आधीच सांगा.